पडद्याचे उजवे टोक

४ फेब्रुवारी

चांगली चालणारी वस्तू घरात असूनही दुकानाच्या काउंटरवर ‘काका, हे आता कोण वापरतं?’ असे ऐकून घ्यावे लागलेल्या माझ्या तमाम बंधूंनो आणि भगिनींनो! आपला गुन्हा एवढाच, की आपण वस्तू सांभाळली. तिच्यावर कापड घातले, तिची धूळ पुसली. आणि आज तिच्यात काडीचा बिघाड नसताना ती टाकून द्या, असा हुकूम सोडला कोणी? तुम्ही? मी? आपल्याला कोणी विचारले तरी का?

वही उघडली आणि हात आपोआप व्यासपीठावर चढला. सारे आयुष्य कामगारांच्या सभांत बोलण्यात गेले. गल्लीत मला अजून ‘नेते’ म्हणतात. गप्प बसून लिहायची सवय नाही. ही वही हिच्या हुकमावरून. सकाळी मी अग्रलेखावर बोलत होतो, तर नाकातली नळी सारखी करत ही म्हणाली, “अहो, तुमचं ऐकायलासुद्धा दम लागतो, आणि माझ्याकडे तो मोजकाच आहे. लिहून काढा ना.”

हिचे हृदय थकले आहे. फुप्फुसांत पाणी साठते. पलंग पुढच्या खोलीत आणला आहे, उशाशी ऑक्सिजनचे यंत्र घरघरत असते आणि पायांकडे आमचा जुना, जाडजूड टीव्ही. डॉक्टर काल दाराबाहेर मला जे म्हणाले ते मी इथे लिहिणार नाही.

आमची एकुलती एक लेक, तिला आम्ही चिमणी म्हणतो, दूरच्या शहरात एका मोठ्या वाद्यवृंदात डबल बास वाजवते. व्हायोलिनच्याच घराण्यातले, पण माणसाहून उंच आणि सगळ्यांत खोल सुराचे वाद्य. ते उभे राहून वाजवायचे असते. इतकी वर्षे कोणी आजारी पडले तरच तिला बोलावत. यंदा ती कायमची झाली. बावीस तारखेला तिचा पहिला मोठा कार्यक्रम, आणि तो इंटरनेटवरून घरोघर दिसणार आहे.

हिने लेकीला वाद्यवृंदात वाजवताना एकदाही पाहिलेले नाही. आधी शाळेतला शिवणाचा वर्ग सुटत नव्हता, मग गुडघे, मग हे. चिमणी म्हणाली, “आई, मी रजा टाकून येते.” ही म्हणाली, “आलीस तर दार उघडणार नाही. इतकी वर्षं दुसऱ्याच्या जागेवर उभी राहिलीस, आता स्वतःच्या जागेवर उभी राहा. मी इथून बघते.”

म्हणून चिमणीने अंगठ्याएवढे एक यंत्र पाठवले आहे. टीव्हीच्या मागे खुपसायचे की झाले. आमच्या टीव्हीच्या मागे तीन गोल भोके आहेत, पिवळे, पांढरे, लाल. यंत्राला एक चपटी रुंद जीभ आहे. ती कुठेच जात नाही. दुकानात विचारायला गेलो, तिथे ते वाक्य ऐकले.

७ फेब्रुवारी

शेजारीण आली होती. ती रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका, म्हणून सगळ्यांची ‘सिस्टर’. रोज हिचे पाय दाबून सूज बघते. मी टीव्ही फिरवून त्याच्या पाठीत डोके घालून बसलो होतो.

“नेते, कशाला डोकेफोड? माझा भिंतीवरचा टीव्ही काढून इथे लावू. दोन दिवस टीव्ही नाही म्हणून मी काही मरत नाही.”

“सिस्टर, प्रश्न टीव्हीचा नाही, तत्त्वाचा आहे.”

“बरं. मग तत्त्वाला किती स्क्रू लागतात ते सांगा, माझ्याकडे डबाभर आहेत.”

ही इतकी हसली की खोकला लागला. खोकला थांबल्यावर म्हणाली, “राहू दे गं सिस्टर. त्यांना टीव्हीशी भांडू दे. नाहीतर डॉक्टरांशी जाऊन भांडतील.”

सिस्टरने माझ्याकडे बघितले, मग हिच्याकडे, आणि पुढे काही बोलली नाही. तत्त्व कोणाला पटले की माणूस असाच गप्प होतो, हा माझा सभांमधला अनुभव आहे.

मोबाइलवर बघता येईल, हेही सिस्टरने सुचवले. हिला तो उचलून धरवत नाही, आणि मोतीबिंदूमुळे त्यात नुसत्या मुंग्या दिसतात.

१० फेब्रुवारी

दुसऱ्या दुकानात गेलो. तिथला माणूस भला निघाला. म्हणाला, यंत्राचे तोंड वेगळे, टीव्हीचे तोंड वेगळे, मध्ये एक दुभाषा लागतो. त्याला कन्व्हर्टर म्हणतात. दोन काडेपेट्या एकमेकींना चिकटवाव्यात एवढी डबी. घेऊन आलो, तारा जोडल्या, रंगाला रंग मिळवला. पडदा काळा.

दुपारभर झटलो. शेवटी चिमणीला फोन केला. ती म्हणाली, “बाबा, डबीवर बाण आहे बघा. कुठून कुठे जातो?”

बाण उलटा होता. ही डबी जुन्या यंत्राचे चित्र नव्या टीव्हीवर नेते. आम्हाला बरोबर याच्या उलट हवी. जगभरच्या क्रांत्यांचे इतिहास वाचले, डबीवरचा बाण वाचला नाही.

हिला सांगितले. म्हणाली, “म्हणजे तुमच्यासारखीच आहे. फक्त बाहेर पाठवते, आत काही घेत नाही.”

१२ फेब्रुवारी

डबी बदलून दिली. त्या माणसाशी पाऊण तास बोललो, चांगल्या वस्तू मुद्दाम निरुपयोगी ठरवणाऱ्या व्यवस्थेबद्दल. त्याने सगळे ऐकले. मागे रांग लागली होती.

या डबीला स्वतःचीही वीज लागते. भिंतीत पिन लावायची जागा एकच, म्हणून तिथे एक लांब बोर्ड जोडून त्यावर ऑक्सिजनचे यंत्र, टीव्ही, अंगठ्याएवढे यंत्र आणि डबी अशी सगळी मंडळी एका ओळीत बसवली.

चित्र आले! पण काळेपांढरे आणि सतत वर सरकणारे. ही म्हणाली, “आपल्या लग्नातली फिल्म दिसते.” डबीच्या कुशीला नखाने सरकवायचा एक खटका आहे, तो पलीकडे केल्यावर चित्र थांबले आणि रंग भरले. एक कोणी बाई हिरव्या डोंगरावरून चालत होती. हिने टाळी वाजवायला हात उचलले. दोन्ही हात एकमेकांपर्यंत पोहोचले नाहीत, मग तिने एका हाताने उशीवरच थाप मारली.

१४ फेब्रुवारी

आज काही नाही. ही दिवसभर झोपून होती. डॉक्टर येऊन गेले. मी टीव्हीच्या मागच्या तारा सुटसुटीत बांधल्या.

१५ फेब्रुवारी

आजही तसेच. पेज दोन चमचे.

१७ फेब्रुवारी

आज हिला बरे आहे. उशांना टेकून बसली, वेणी घालून घेतली. वेणी मी घातली. “पेड तीन असतात, नेते, चार नाही,” असे मधे मधे ऐकून घेतले.

टीव्हीचे शेवटचे काम आज उरकले. नवी चित्रे रुंद असतात, आमचा पडदा जवळपास चौकोनी. डबीवर एक बारीक बटण आहे. सुरुवातीला चित्रात वर-खाली जाड काळ्या पट्ट्या होत्या आणि मधल्या फटीत माणसे इवली इवली. बटण एकदा दाबले, पट्ट्या गेल्या पण माणसे काठीसारखी उंच झाली, दुष्काळातून आल्यासारखी. आणखी एकदा दाबले आणि बघतो तो काय! पडदा काठोकाठ भरला, माणसे अंगापिंडाने नीट, चेहरे ताटाएवढे.

ही म्हणाली, “त्या पट्ट्या असल्या तरी चालतील की. सगळं दिसत होतं.”

“का चालतील?” मी विचारले. “पडदा आपला, वीज आपली. त्यातली निम्मी जागा काळोखाला का द्यायची? आयुष्यभर तू मिळेल तेवढ्यात भागवलंस. लेकीला तरी मोठी बघ. मी या पडद्याचा एक इंच सोडणार नाही.”

“मला लहान दिसली तरी...”

“लहान का म्हणून?”

यावर ही माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या गालाला हात लावून म्हणाली, “बरं. नका सोडू.”

पटले तिला. संध्याकाळी सिस्टर आली तेव्हा मी पडदा दाखवला. “मोठं दिसतंय खरं,” ती म्हणाली.

२० फेब्रुवारी

सूज वाढली. चिमणीचा फोन. ही झोपली आहे असे मी सांगितले. ही झोपलेली नव्हती. बोलायला श्वास पुरत नव्हता आणि ते लेकीला कळू नये म्हणून हिनेच हाताने खूण केली.

“बाबा, खरं सांगा. येऊ का?”

ही मान हलवत होती, नाही, नाही.

“सगळं ठीक आहे,” मी म्हणालो. “तू तुझी जागा सोडू नकोस.”

“मी उजव्या टोकाला आहे, बाबा. अगदी शेवटची. आईला सांगून ठेवा, नाहीतर ती मधेच शोधत बसेल.”

सांगितले. हिने टीव्हीकडे बघितले, बंद होता तरी, बराच वेळ.

२२ फेब्रुवारी

जिंकलो. 

संध्याकाळी सगळे लावून बसलो. सिस्टर भाचीच्या घरी गेली होती, म्हणून आम्ही दोघेच. हिने स्वच्छ साडी नेसवून मागितली. “ती मला बघणार नाही, माहीत आहे. पण मी तिला बघणार आहे ना.” चित्र एकदाही अडकले नाही. केवढा तो रंगमंच, केवढे दिवे! व्हायोलिनवाल्या बायकांच्या बांगड्यासुद्धा दिसत होत्या.

आणि आता माझा संताप लिहितो. तो कॅमेरावाला! जिथे जातो तिथे मधल्या माणसांकडे. पुढे बसलेले, सूट घातलेला हातवारे करणारा, त्याचे केस, त्याचा घाम. कॅमेरा मागे जाऊन सगळ्यांना दाखवतो तेव्हाही उजवीकडे एका उंच वाद्याची कड येते, एक कोपर पुढे येते आणि मागे जाते, आणि तिथेच चित्र संपते. टोकाला उभ्या राहणाऱ्या माणसाची ही किंमत! मी ओरडलो, “अरे, उजवीकडे सरक! तिथे माणसं नाहीत का?”

ही म्हणाली, “अहो, ओरडू नका. वाजतंय.”

मग थोड्या वेळाने म्हणाली, “माझा पलंग पुढे घ्या. टीव्हीला लागेल इतका.”

“इतक्या जवळून डोळे दुखतील.”

“घ्या ना.”

नळी ताणली जाणार नाही असे बघत पलंग ढकलला. ही कुशीवर वळली आणि हात लांबवून टीव्हीच्या डब्यावर तळवा ठेवला, जिथून आवाज येतो तिथे खाली. त्या जुन्या डब्यावर तिचा किती जीव आहे ते मला आज कळले. हळू, खोल सूर सुरू झाला की तिची बोटे पसरायची. तिने पडद्याकडे बघणेही सोडले होते. डोळे मिटले होते, पण झोपलेली नव्हती, कारण पायाचा अंगठा ताल धरून होता.

“दिसली का तुला?” मी संपल्यावर विचारले. “मला काही धड दिसली नाही.”

“दिसली की.”

“कुठे?”

“तुमचा चष्मा पुसा आधी.”

चिमणीचा फोन आला, धापा टाकत. मागे लोकांचा गलका. “आई! दिसले मी?”

“दिसलीस,” हिने सांगितले. एकेका शब्दाला थांबत, पण अगदी स्पष्ट. “मान वाकवून वाजवतेस, लहानपणी गृहपाठ करायचीस तशीच. पाठ सांभाळ. आणि बाही कोपरावर घट्ट होते आहे, उसवून सैल करून घे.”

चिमणी रडायला लागली. हिच्या नजरेपुढे मी हात टेकले. मोतीबिंदू तिला, आणि मला जे दिसले नाही ते तिने टिपले! चांगल्या मोठ्या चित्राचा हा फायदा. तो दुकानदार इथे हवा होता.

२६ फेब्रुवारी

सकाळी ही गेली. चहा ठेवायला आत गेलो होतो.

५ मार्च

चिमणी आली आहे. घरात माणसे येतात, बसतात, जातात. प्रत्येकाला मी हिने शेवटी लेकीचा कार्यक्रम कसा पाहिला ते सांगतो. ऐकून लोकांना बरे वाटते. मलाही.

आज दुपारी चिमणी म्हणाली, “बाबा, मला बघायचं आहे. आईने बघितला तसाच, याच टीव्हीवर.” कार्यक्रम पुन्हा बघता येतो. मी लावून दिला आणि तिला पलंगावर हिच्या जागी बसवले. शेजारी उभा राहून हिने कधी काय म्हटले ते सांगत होतो.

चिमणी एकटक बघत होती. कॅमेरा मागे गेला, सगळा रंगमंच आला, उजव्या कडेला ते कोपर आले नि गेले.

“असंच दिसत होतं आईला? इतकंच?”

“इतकंच म्हणजे? पडदा भरून!” मी म्हणालो. “सुरुवातीला काळ्या पट्ट्या होत्या. मी घालवल्या.”

“आणि आईने काय केलं?”

मी हाताचे सांगितले, डब्यावर तळवा कसा ठेवला होता, खोल सूर आला की बोटे कशी पसरत होती.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ वाहत होता. परत आली तेव्हा चेहरा ओला होता, आणि मला मिठी मारून म्हणाली, “छान लावलंत बाबा. खूप छान लावलंत.”

आईवर गेली आहे. कष्टाची कदर आहे तिला.

९ मार्च

चिमणी परत गेली. जाताना हिची कात्री घेऊन गेली. घरात यंत्राची घरघर नसली की कान दुखतात, हे कोणी सांगितले नव्हते. यंत्र बंद आहे, पण अजून उशाशीच आहे.

१८ मार्च

आज ते ऑक्सिजनचे यंत्र न्यायला माणसे आली. त्यांनी भिंतीतली पिन काढली तशी बोर्डावरची सगळी मंडळी विझली. ती गेल्यावर मी बोर्ड पुन्हा जोडला. घर फार शांत होते, म्हणून कार्यक्रमच लावला.

वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या. वीज गेल्याने डबी पहिल्यावर आली असणार. बटण दाबायला वाकलो आणि तसाच थांबलो.

फटीएवढ्या त्या चित्रात उजव्या टोकाला चिमणी उभी होती.

पूर्ण. डोक्यापासून पायापर्यंत. काळा पोशाख, मान वाकलेली, वाद्याला कवेत घेतलेली. चित्रात ती करंगळीएवढी होती, पण होती. कॅमेरा हलेल तेव्हा जायची, सगळा रंगमंच आला की पुन्हा यायची. कितीदा तरी आली. एकदा तर तिने मान वर करून समोर बघितले, थेट या खोलीत बघावे तसे.

मी बटण दोनदा दाबून बघितले. चिमणी गेली. कोपर राहिले. पुन्हा दाबत दाबत पट्ट्या आणल्या. ती आली.

कॅमेरावाल्याने कापली नव्हती.

 मग फोन लावला.

“चिमणे, तू त्या दिवशी बघितलंस तेव्हा तुला कळलं होतं?”

ती म्हणाली, “हो, बाबा.”

“आईला तू दिसली नव्हतीस.”

“नाही.”

“मग मान वाकवून, आणि ती बाही...”

“मान मी लहानपणापासून वाकवते. आणि बाही तिनेच शिवली होती, बाबा, मागच्या वर्षी. कोपर तेवढं दिसत होतं ना, त्यावरून ओळखलं असेल.”

“तू मला सांगितलं का नाहीस?”

“आईने सांगितलं नाही. मग मी कशी सांगणार?”

मी बोलायला तोंड उघडले. एवढ्या सभा, एवढी पुस्तके, आणि एक शब्द आला नाही. तिकडे ती वाट बघत होती. मग तीच हळूच म्हणाली, “बाबा, तिचा हात कुठे होता ते आठवा. मी तिथेच होते.”

१९ मार्च

सकाळी सिस्टर आली. तिला सगळे सांगितले. तिने चहाचा कप खाली ठेवला.

“कडा कापल्या जातात हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं, नेते. तुम्ही बटण दाबलंत त्याच दिवशी. मी म्हटलं, मी दाबते, पट्ट्या परत आणते. तर म्हणाल्या, नको. किती दिवसांनी त्यांनी काहीतरी जिंकलंय.”

ती गेल्यावर मी पलंगाची चादर काढली, घडी घातली, पुन्हा घातली.

टीव्ही चांगला आहे. त्याचा काही दोष नाही, आणि तो टाका म्हणणारे दुकानदार आजही चूकच आहेत, हे मी कुठल्याही सभेत ठणकावून सांगेन. पण सभेत सांगायचे आता दुसरेच आहे आणि सभा उरलेली नाही, म्हणून इथे लिहितो.

बरोबर असण्याची सवय लागलेल्या माझ्या बांधवांनो, आपल्या माणसाच्या भल्यासाठी त्याच्याच डोक्यावरून लढणाऱ्यांनो! ज्यांचे वाक्य तुम्ही ‘लहान का म्हणून’ असे अर्ध्यात तोडता, ते अजून तुमच्या घरात असतील, तर मोठे भाग्य आहे तुमचे. माझे म्हणणे पटवून घेऊ नका, टाळ्याही नकोत. आज संध्याकाळी घरी गेलात की त्यांच्या पलंगाशी, त्यांच्या खुर्चीशी जाऊन बसा, त्यांना विचारा, ‘तुला इथून काय दिसतंय?’ आणि त्यांचे सांगून पुरते संपेपर्यंत तोंड उघडू नका.